एकशेनवव्या मैलाचा दगड

बावीस जून ही तारीख उच्चारली की मराठी वाचकाच्या मनात १८९७ साल उभे राहते. पुण्याची गणेशखिंड, काळोखातून चाललेली रँडची गाडी आणि चापेकर बंधू यांचे स्मरण होते, आणि ते उचितच आहे. परंतु याच तारखेला सत्तेचाळीस वर्षांनी, म्हणजे १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या बहुतेक सर्व आघाड्यांवर एकाच वेळी जे घडत होते त्याची आठवण आपल्याकडे कोणी काढताना दिसत नाही. त्या दिवसाची एक महत्त्वाची घटना परदेशात नव्हे, तर भारताच्याच भूमीवर घडली असता ही विस्मृती व्हावी, हे आम्हांस खटकते.

त्या दिवसाचा नकाशा प्रथम डोळ्यांपुढे आणावा. हिटलरने रशियावर आक्रमण केले त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे पूर्ण झाली होती. तो मुहूर्त साधून बायलोरशियात सोव्हिएत सैन्याने चाचणीदाखल हल्ले सुरू केले आणि दुसऱ्या दिवशी मुख्य चढाईस तोंड फुटले. नेपोलियनशी लढताना बोरोदिनोच्या रणांगणावर प्राणांतिक जखमी झालेल्या बाग्रातिओन या सेनापतीचे नाव या मोहिमेस दिले होते. बाराव्या दिवशी, म्हणजे ३ जुलैला, मिन्स्क मुक्त झाले आणि जर्मनीचा मध्य सेनासमूह जवळजवळ नामशेष झाला. फ्रान्समध्ये शेर्बूरच्या जर्मन सेनापतीला शरणागतीसाठी दिलेली मुदत त्याच सकाळी टळली. दुपारी विमानांनी बाँबवर्षाव केला व त्यामागोमाग अमेरिकन पायदळ पुढे सरकले. हे बंदर हाती येणे अत्यंत निकडीचे होते, कारण चार दिवसांच्या वादळाने नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील अमेरिकनांचे कृत्रिम बंदर त्याच सुमारास मोडून टाकले होते. पॅसिफिकमध्ये तीन विमानवाहू जहाजे गमावून जपानी आरमार नुकतेच माघारी फिरले होते आणि सायपान बेटावर अमेरिकन सैनिक एकेका टेकडीसाठी झुंजत होते. चीनमध्ये मात्र चित्र उलटे होते. तेथे चांगशा घेऊन जपानी सैन्य हेंगयांगला भिडत होते. ते शहर पुढे सुमारे सात आठवडे लढले आणि ८ ऑगस्टला पडले. जपान सर्वत्र हरत चालला होता, असे जे ढोबळ चित्र आपण रंगवतो ते त्या दिवसापुरते तरी खरे नाही.

आता आपल्या भूमीकडे वळू. दिमापूरहून कोहिमामार्गे इंफाळला जाणारा रस्ता जपानी सैन्याने मार्चच्या अखेरीस तोडला. इंफाळच्या खोऱ्यात सुमारे दीड लाख सैन्य अडकले. शिधा कमी करण्यात आला, आणि दारूगोळा, औषधे, ताजे सैनिक हे सारे विमानांतून आणून जखमी व बिगरलढाऊ माणसे त्याच विमानांतून बाहेर काढण्यात आली. उत्तरेस कोहिमात डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यापुढील टेनिसचे मैदान मध्ये ठेवून दोन्ही बाजूंचे सैनिक हातबाँब फेकीत होते. अखेर २२ जूनला उत्तरेकडून येणारी दुसरी ब्रिटिश डिव्हिजन आणि दक्षिणेकडून लढत येणारी पाचवी भारतीय डिव्हिजन यांची दिमापूरपासूनच्या एकशेनवव्या मैलाच्या दगडापाशी गाठ पडली. रस्ता मोकळा झाला. त्या रात्री दिवे लावलेल्या मोटारींच्या रांगा इंफाळकडे निघाल्या.

जपानी सेनापती मुतागुची याची सारी योजना तीन आठवड्यांत इंफाळ हस्तगत होईल व पुढचा शिधा तेथल्या कोठारांतून मिळेल, या गृहीतावर उभी होती. ते गृहीत फसले. कोहिमाचा जपानी सेनापती सातो याने उपाशी सैन्य आणखी मारण्यास नकार देऊन, हुकूम मोडून, माघार घेतली. पावसाळ्यात, चिंद्विनकडे परतणाऱ्या वाटेवर, गोळीने मेले त्यांपेक्षा भुकेने आणि आजाराने मेलेले जपानी सैनिक अधिक असावेत असेच सर्व वर्णनांवरून दिसते. मृत व जखमी मिळून या मोहिमेत जपानची हानी पन्नास हजारांहून अधिक झाली. शत्रूच्या बाजूचा म्हणून त्या सैनिकाबद्दल कठोर राहणे आम्हांस जमत नाही. शिधा नसलेल्या शिपायाला डोंगर चढायला लावणारे सेनापती सुखरूप राहिले.

आता जो प्रश्न आपल्याला अडचणीचा वाटतो त्याकडे येऊ. त्या दिवशी मणिपूरच्या परिसरात भारतीय सैनिक दोन्ही बाजूंस उभे होते. एकीकडे ब्रिटिशांच्या निशाणाखाली लढणाऱ्या पलटणी होत्या. त्यांत मराठेही होते. कोहिमाकडे धावणाऱ्या जपानी सैन्याला मार्चच्या अखेरीस सांगशाक येथे ज्यांनी काही दिवस रोखून धरले त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. ते मौल्यवान दिवस मिळाले नसते तर कोहिमाच्या बचावाची तयारी अपुरीच राहिली असती. दुसरीकडे पालेलच्या बाजूच्या डोंगरांत आझाद हिंद फौजेचे सैनिक होते. १४ एप्रिलला मोइरांग येथे त्यांच्या फौजेने तिरंगा फडकविला होता. आणि तिसरीकडे, रणांगणापासून दूर, तेव्हाच्या अहमदनगरच्या किल्ल्यात पंडित नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आदी नेते बंदिवान होते. नेहरू त्याच महिन्यांत त्या किल्ल्यात बसून ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते. एका देशाची तीन मने एकाच दिवशी तीन ठिकाणी होती. यांपैकी कोणते खरे भारताचे, असा प्रश्न विचारण्याचा मोह होतो. आमच्या मते तो प्रश्नच चुकीचा आहे.

कोणी म्हणेल की ब्रिटिशांच्या पलटणीत गेलेला माणूस पगारासाठी गेला. त्याचे स्मारक कशाला? या आक्षेपात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. दुष्काळी तालुक्यांतील, कोकणातील डोंगराळ गावांतील तरुण पोटासाठी भरती झाले हे खरेच आहे. पण पोटासाठी गेला म्हणून त्याचे मरण हलके होते काय? मुंबईच्या गिरणीत पोटासाठीच गेलेल्या माणसाच्या श्रमाला आपण इतिहासात स्थान देतो. शिवाय, ज्या युद्धात भारताला न विचारता ओढले गेले, ज्याच्या काळात बंगालमध्ये १९४३ साली लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली, त्या युद्धाचा निषेध करणे आणि त्यात मेलेल्यांची नावे जपणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. सध्या याच्या उलट दिशेचा एक उत्साहही दिसतो. आझाद हिंद फौजेचा गौरव करायचा, तर समोरच्या खंदकातील भारतीयाला केवळ साम्राज्याचा नोकर ठरवायचे, अशी रीत पडत आहे. लाल किल्ल्यातील खटल्यात शाहनवाझ खान, सहगल आणि धिल्लाँ यांच्यामागे देश उभा राहिला तेव्हा त्यांच्याबद्दल कणव बाळगणारे कित्येकजण त्याच ब्रिटिश सैन्याच्या बराकींत होते, हे अशा वेळी विसरले जाते.

त्याच २२ जूनची आणखी एक नोंद युद्धाच्या नकाशावर सापडत नाही. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी परत येणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा, घरकर्जाचा व बेकारीभत्त्याचा कायदा सहीनिशी मंजूर केला. पुढील वर्षांत सुमारे अठ्ठ्याहत्तर लाख माजी सैनिकांनी त्यातील शिक्षण-प्रशिक्षणाचा लाभ घेतला. कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले, हा त्या कायद्याचा कलंक खराच. पण लढाई चालू असतानाच लढणाऱ्याच्या उद्याचा विचार करणारे राज्य तेथे होते. भारतीय सैन्यात त्या युद्धात पंचवीस लाखांहून अधिक माणसे होती. ती घरी परतली तेव्हा देश फाळणीच्या तोंडाशी उभा होता, आणि ज्या सरकारसाठी ती लढली ते सरकार सामान आवरीत होते. हिशेब कोणी कोणाला द्यायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

इतरांनी मात्र स्मरण ठेवले. लंडनच्या नॅशनल आर्मी म्यूझियमने २०१३ साली ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई कोणती, असा प्रश्न उपस्थितांच्या मताला घातला, तेव्हा वॉटर्लू आणि नॉर्मंडी मागे पडून इंफाळ-कोहिमाला कौल मिळाला. जपानी संस्थेच्या साहाय्याने इंफाळजवळ शांतता संग्रहालय उभे राहिले व त्याचे उद्घाटन २०१९ साली २२ जूनलाच झाले. पराभूतांनी आपल्या भूमीवर येऊन तारीख लक्षात ठेवली. आमच्या शालेय पुस्तकांत दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात स्टालिनग्राड असते, हिरोशिमा असते, पर्ल हार्बर हमखास असते. कोहिमा शोधावे लागते. अनेक वर्षे वर्गात इतिहास शिकविताना या धड्यापाशी आम्हांस हेच जाणवत आले.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या बसविल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात सेहेचाळीस माणसे गमावली आणि ते ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या अशा पाट्या क्वचितच दिसतात. माणगावला तहसील कचेरीपुढे यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, पण तो अपवाद. या बावीस वर्षांच्या नाईकाने इटलीत तायबर नदीच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी, म्हणजे इंफाळचा रस्ता उघडल्यानंतर अठराव्या दिवशी, शत्रूच्या मशिनगनवर एकट्याने चाल करून प्राण दिला व त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या देहाची कबर ज्ञात नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे.

कोहिमाच्या युद्धस्मशानात दहन झालेल्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांचे स्मारक आहे. अशा स्मारकांवरील नावांच्या याद्या राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगाकडे आहेत व त्या कोणालाही पाहता येतात. कित्येक नोंदींत गाव आणि बापाचे नावही असते. महाराष्ट्रातील गावांची नावे त्यांतून वेचून काढणे हे फार खर्चाचे काम नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आणि महाविद्यालयांचे इतिहास विभाग यांनी मनावर घेतले तर ते एका वर्षाचे काम आहे. आझाद हिंद फौजेत गेलेल्या मराठी सैनिकांची नावेही त्याच यादीत, त्याच पानावर यावीत, असा आमचा आग्रह आहे. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, रायगड या जिल्ह्यांपासून आरंभ करावा, आणि ज्या घरांत आजोबांचे पलटणीचे पुस्तक वा एखादे पदक अजून ट्रंकेत आहे त्या घरांनी ते भंगारात जाण्यापूर्वी बाहेर काढावे.