अपंगत्व 40 टक्के, कमाई किती?

रस्ते अपघातातील जखमींसाठी मे 2025 पासून 7 दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचारांची योजना आहे. घराची ओढाताण मात्र आठव्या दिवसानंतर सुरू होते. खंबाटकी घाट असो वा हंगामात अंधारातून विनारिफ्लेक्टर जाणारी उसाची ट्रॉली, सातारा-सांगलीतल्या जखमींचे प्रश्न सारखेच असतात.

अर्ज कधी करायचा? 1 एप्रिल 2022 पासूनच्या दुरुस्तीनुसार अपघातापासून 6 महिन्यांत, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिले गेले आहे; पण त्या भरवशावर थांबू नये. हाड जुळायलाच अनेकदा तेवढे महिने लागतात. अपंगत्वाचा दाखला पुढे पुराव्यात देता येतो.

दाखल्यावर 40 टक्के असेल तर कमाईचे नुकसानही तेवढेच धरतात का? नाही. राजकुमार विरुद्ध अजय कुमार खटल्यात 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने हा फरक स्पष्ट केला. डावा हात गेलेल्या ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते. सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. ऊसतोड मजुराच्या गुडघ्याचेही तसेच. डॉक्टर अवयवाचे नुकसान सांगतात, कमाईचे न्यायाधिकरण ठरवते. म्हणून जखमी काय काम करत होता आणि आता काय जमत नाही, हे डॉक्टरांना नेमके सांगावे.

कागद कोणते जपावेत? केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, बिले. पहिल्या केसपेपरवर वाहन अपघाताऐवजी ‘पडून लागले’ अशी नोंद झाली, तर विमा कंपनी तिच्यावरच बोट ठेवते.