हजार वर्षांनंतर थॉरच्या दारी

‘थॉर’ म्हटले की आपल्या घरातील मुलांना चित्रपटातला हातोडेवाला नायक आठवतो. आइसलँडमध्ये मात्र जुन्या देवतांच्या साक्षीने आज विवाह लागतात, अंत्यसंस्कार होतात आणि त्यांना कायद्याची मान्यता असते. चार लाखांहून कमी लोकवस्तीच्या या देशात ‘आसात्रू’ संस्थेचे सभासद पाच हजारांहून अधिक आहेत. आपल्याकडे अशी वार्ता आली की ‘युरोप मुळांकडे परततो आहे’ असे आपण हर्षाने म्हणतो. तो हर्ष क्षणभर आवरून पाहिले, तर प्रत्यक्ष कथा अधिक विचार करायला लावणारी आहे.

इ. स. 1000 च्या सुमारास नॉर्वेचा ख्रिस्ती राजा ओलाफ याचा दबाव वाढला आणि आइसलँडमध्ये दोन तट पडले. ‘आल्थिंग’ या लोकसभेत निवाडा विधिप्रवक्ता थोरगेर याच्याकडे सोपवण्यात आला. तो स्वतः जुन्या देवांचा उपासक होता. एक अहोरात्र तो पांघरूण घेऊन निश्चल पडून राहिला आणि उठल्यावर म्हणाला, की कायदा दुभंगला तर शांतताही दुभंगेल. तेव्हा सर्वांनी ख्रिस्ती व्हावे. घरात गुपचूप जुनी पूजा करण्याची मुभा तेवढी राहिली. काही वर्षांतच तीही गेली. आपले गृहयुद्ध टाळण्यासाठी आपलेच देव सोडणाऱ्या त्या माणसाची ती रात्र कशी गेली असेल!

देव गेले, काव्य मात्र टिकले, आणि ते टिकवले ख्रिस्ती झालेल्या वंशजांनीच. स्नोरी स्टुर्लुसन याने 1220 च्या आसपास जुन्या देवकथा गद्य ‘एद्दा’त ग्रथित केल्या. त्याच शतकात एद्दाकाव्यांची मुख्य पोथी लिहिली गेली. 1662 मध्ये एका बिशपाने ती डेन्मार्कच्या राजाला नजर केली. 1971 च्या एप्रिलमध्ये ती नौकेने स्वदेशी परतली, तेव्हा रेक्याविकच्या बंदरावर स्वागताला अलोट गर्दी लोटली होती. एका पोथीसाठी!

पुढच्याच वर्षी, 1972 च्या उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, मेंढपाळ शेतकरी आणि कवी स्वेनब्यर्न बेन्टेन्सन यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह ही संस्था स्थापन केली. पांढरी दाढी, जुन्या वृत्तांवरील प्रभुत्व आणि पारंपरिक चालीवर पद्ये म्हणण्याची हातोटी, असे हे व्यक्तिमत्त्व. लूथरन चर्चच्या बिशपांनी आक्षेप घेतला. तरीही 1973 मध्ये शासनाची मान्यता मिळाली. डेन्मार्कमधील अशाच संस्थेला ती 2003 मध्ये लाभली.

त्यांच्या उपासनेला ‘ब्लोत’ म्हणतात. ऋतुसंधीला मंडळी जमतात, काव्य म्हणतात, मधापासून केलेल्या पेयाने भरलेले शिंग हातोहात फिरते. देवतांचे, पूर्वजांचे आणि भूमीच्या रक्षक शक्तींचे स्मरण होते. पशुबळी दिला जात नाही. पूर्वीचे पूजाविधी नेमके कसे होते, हे फारसे लिहून ठेवलेले नाही; पौरोहित्याची परंपरा तर केव्हाच खंडित झाली. ‘आसात्रू’ हा शब्दही एकोणिसाव्या शतकातला. 2003 पासून प्रमुख असलेले संगीतकार हिल्मार अर्न हिल्मार्सन देवकथांकडे काव्यमय रूपक म्हणून पाहतात. आठ पायांच्या घोड्यावर बसलेला एकाक्ष पुरुष खरोखर आहे, असा त्यांचा आग्रह नाही. हा प्रांजळपणा मला मोलाचा वाटतो. तुटलेला धागा आपण नव्याने जोडला आहे, ही गाठ ते लपवीत नाहीत.

अन्यत्र ती लपवली जाते आणि तेथेच विष कालवले जाते. हिमलरच्या एस. एस. संघटनेने रून लिपीची चिन्हे गणवेशावर मिरवली. आजही अमेरिकेत काही गट ओडिनला केवळ गोऱ्या रक्ताचा देव ठरवतात. त्याच देशात ‘द ट्रॉथ’ ही 1987 मधील संस्था कोणत्याही वंशाच्या श्रद्धावानाला प्रवेश देते. आइसलँडच्या संस्थेने समलिंगी विवाहांना पाठिंबा दिला, तेव्हा परदेशांतील स्वयंघोषित सहधर्मीयांनी त्यांनाच द्वेषाची पत्रे धाडली. ज्यांच्या भूमीत ते काव्य जपले गेले, त्यांना ‘खरा धर्म’ शिकवायला हे निघाले! वंशशुद्धीचा हा दुराग्रह एद्दामधून आलेला नाही. तेथे तर थॉरची माताही देवांच्या शत्रुकुळातली, राक्षसवंशीय आहे.

आणि आपण? ‘तीर’ या नॉर्स देवाचे नाव आणि आपला ‘देव’ हा शब्द एकाच प्राचीन मुळातून आले, हे भाषाशास्त्र सांगते. वज्रधारी इंद्र आणि हातोडाधारी थॉर यांचे साम्य अभ्यासकांनी पूर्वीच टिपले आहे. परंतु दूरच्या आप्ताला भेटल्यावर त्याच्या घराच्या किल्ल्या मागायच्या नसतात. ही मंडळी आपली शाखा नव्हेत. त्यांचा हिमप्रदेश, त्यांचे ज्वालामुखी आणि त्यांची काव्ये यांतून त्यांची श्रद्धा घडली आहे.

रेक्याविकच्या ओस्क्युहलीद टेकडीवर या संस्थेने घुमटाकार मंदिराची उभारणी योजली. निम्मे जमिनीत खोदलेले आणि सूर्याच्या गतीबरोबर आतला प्रकाश पालटेल, अशी त्याची रचना. काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. भूमिपूजन झाले 20 मार्च 2015 रोजी, मुद्दाम सूर्यग्रहणाचा मुहूर्त साधून. आपल्याकडे ग्रहणात देवळांची दारे बंद होतात. त्यांनी नेमकी तीच वेळ शुभ मानली.