विश्लेषण : उजनीच्या पाहुण्यांच्या किती जवळ जायचे?

थंडी पडली की रविवारी पहाटे पुणे-सोलापूर महामार्गावरून भिगवणकडे वळणाऱ्या गाड्या वाढतात. डिकसळ, कुंभारगावच्या काठावर होड्या तयार असतात. पक्षी पाहायला माणसे घराबाहेर पडतात, ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न आहे तो होडी कुठे थांबवायची याचा.

उजनीवरच इतके पक्षी का?

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. जलाशय पसरट आहे. पावसाळा संपून कालव्यांना आणि नदीत पाणी सुटू लागले की पातळी उतरते आणि काठचा गाळ उघडा पडतो. त्या गाळातले किडे, शंखशिंपले आणि उथळ पाण्यातले शेवाळ हे पक्ष्यांचे अन्न. धरणाची टक्केवारी आपण पिण्याच्या आणि उसाच्या पाण्यासाठी वाचतो. पक्ष्यांसाठी तीच टक्केवारी किती चिखल उघडा पडला ते सांगते. म्हणूनच धरण काठोकाठ भरलेले असेल त्या वर्षी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उशिरा दिसतात. चोच उलटी बुडवून, पाणी गाळून खाणाऱ्या या पक्ष्याला खोल पाण्यात फारसे काही मिळत नाही.

हे पाहुणे कुठून येतात?

रोहित कच्छच्या रणात वीण घालतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब मंगोलिया, तिबेट, लडाखकडचा. तो हिमालय ओलांडून येतो. चक्रवाक, थापट्या हेही उत्तरेकडून येणारे. मध्य आशियाई उड्डाणमार्ग ३० देशांवरून जातो आणि उजनी हा त्या वाटेवरचा एक मुक्काम आहे. मार्चपर्यंत बहुतेक बदके आणि पट्टकदंब परत निघतात. त्याआधी अंगात चरबी साठवणे, हेच त्यांचे इथले मुख्य काम.

थवा उडवला तर काय बिघडते?

बिघडते ते इथेच. ‘दादा, जरा पुढे घ्या, उडताना फोटो पाहिजे,’ ही मागणी काठावर सर्रास ऐकू येते. एका होडीने एकदा थवा उठला तर फार फरक पडणार नाही. पण रविवारच्या सकाळी एकामागून एक होड्या तेच करतात. प्रत्येक उड्डाणात साठवलेली चरबी खर्च होते आणि खाण्याचा वेळही जातो. आपल्याला मिळतो एक फोटो, त्यांना मात्र पुढचा प्रवास असतो.

दोष नावाड्याचा का?

नाही. धरणात या परिसरातल्या गावांची जमीन गेली. काठावर मासेमारी करणाऱ्यांना या हंगामात चार पैसे मिळतात, आणि कोणता पक्षी कुठे बसतो हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. पण पैसे देणारा म्हणेल तिकडे होडी जाते. म्हणून बसण्यापूर्वीच सांगावे : थवा उठवायचा नाही, पक्ष्यांनी माना वर केल्या की होडी थांबवायची. उशीर झाला तरी ठरलेले पैसे पूर्ण द्यावेत. गावोगावच्या नावाड्यांनी मिळून अंतराचा नियम केला, तर एकट्याने नकार देण्याची वेळ कुणावर येणार नाही.

मग पाहायचे काय?

हिवाळ्यातले दोन-तीन रविवार मी नुसता काठावर बसून काढतो. पहिला अर्धा तास मनात वीजबिल, आईच्या गोळ्या आणि सोमवारची कामेच असतात. मग हळूहळू पक्षी आपली दखल घेईनासे होतात. थापट्या पसरट चोचीने पाणी विंचरत जवळून जातो, परीट शेपटी हलवत पायाशी येतो. दुर्बिणीपेक्षा हे बसणे अधिक दाखवते, असा माझा अनुभव आहे. शिवाय त्याला खर्च काहीच नाही.

राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा होतो. त्यात भाषणे होतात, फलक लागतात. पक्ष्यांची खरी गरज त्यानंतरच्या चार महिन्यांत असते. तेव्हा यंदा भिगवणला जाल तर जरूर जा, होडीतही बसा. फक्त पक्षी खात असताना पाहून परत या. त्यांना उडवायला लावू नका.