ताटातला भात आणि पोटाचा घेर



गेल्या पावसाळ्यात आमच्या पत्नींना दोन जिने चढले तरी धाप लागू लागली. दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी वजन केले, कमरेला टेप लावला. घेर भरला 96 सेंटीमीटर. बाईचा घेर 80 च्या आत आणि पुरुषाचा 90 च्या आत असावा, असे त्यांनी सांगितले. मग विचारले, "बाई, दिवसभरात काय काय खाता?" पत्नी गप्प. बाईंनी आमच्याकडे पाहिले. आम्हालाही सांगता येईना. पंचवीस वर्षांच्या संसारात आपली बाई काय जेवते, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

त्या रात्री पाहिले. घरात मटण होते. तुकडे आमच्या आणि मुलांच्या ताटात पडले. पातेल्याच्या तळाशी उरलेला रस्सा आणि त्यात कालवलेला भाताचा ढीग, एवढे त्यांच्या वाट्याला आले. सकाळी रात्रीचाच भात फोडणीला टाकायचा, दुपारी चहा-बटर. पोट भरत होते, पण अंगाला हवे ते मिळत नव्हते. गरिबाच्या घरातही पोट सुटते, ते असे.

यामागचे शास्त्र अवघड नाही. भात, भाकरी, चपाती, साबुदाणा, बटाटा, साखर यांत मुख्यतः कर्बोदके असतात. डाळ, उसळ, अंडी, मासळी, मटण, दूध यांत प्रथिने चांगली मिळतात. एक ग्रॅम खाल्ले तर दोन्हींतून सारख्याच, म्हणजे 4 कॅलरी मिळतात. परंतु प्रथिने पचवण्यातच शरीर त्यांतल्या 20 ते 30 टक्के कॅलरी खर्च करते. कर्बोदकांच्या बाबतीत हा खर्च 5 ते 10 टक्केच असतो. शिवाय प्रथिनांनी पोट भरल्यासारखे राहते, पुन्हा भूक लवकर लागत नाही. आणि वजन उतरताना अंगातले स्नायू झिजायचे, ती झीजही कमी होते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराचे नियम प्रसिद्ध केले. दिवसाच्या कॅलरींपैकी धान्यातून 45 टक्क्यांहून जास्त येऊ नयेत, असे त्यात सांगितले आहे. आपल्या ताटात मात्र निम्म्याहून जास्त जागा भातानेच व्यापलेली असते. प्रथिने किती हवीत? वजनाच्या दर किलोला साधारण 0.83 ग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज 50 ग्रॅम.

ती मिळतात कुठून? एका अंड्यात 6 ग्रॅम. 50 ग्रॅम कोरड्या मटकीत किंवा तुरीच्या डाळीत 11 ग्रॅमच्या आसपास. 30 ग्रॅम सोयाबीन वडीत 15 ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांत 7 ग्रॅम, पण त्यात तेलही भरपूर, म्हणून मूठ एकच. सुकट, बोंबील तर प्रथिनांची खाणच आहे. मात्र त्यात मीठ फार असते. रक्तदाब असलेल्यांनी भिजवून, दोनदा धुऊन घ्यावे आणि बेतानेच खावे. 2015 पासून आपल्या राज्यात बैलाच्या मांसावर बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले एक स्वस्त प्रथिन गेले. म्हणून आता अंडी आणि कडधान्ये यांचाच हिशेब घराघरात नीट व्हायला हवा.

भात कमी खावा, हा उपदेश काही आजचा नाही. संयुत्त निकायातल्या दोणपाक सुत्तात कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवान बुद्धांकडे येतो. मात्रा ओळखून जेवणाऱ्याचे दुखणे कमी होते, असे भगवान त्याला सांगतात. राजा ते वचन एका तरुणाला पाठ करायला लावतो आणि रोज जेवताना त्याच्याकडून म्हणवून घेतो. हळूहळू राजाचा भात नाळीभर मापावर येतो आणि अंग हलके होते. राजानेही एका दिवसात भात सोडला नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

आम्ही घरात तीन गोष्टी केल्या. भात निम्मा केला आणि तेवढी उसळ व पालेभाजी वाढवली. चहातली साखर कमी केली. दोन चमच्यांचे चार कप म्हणजे 40 ग्रॅम साखर, 160 कॅलरी होतात. आणि सगळ्यांनी एकत्र बसायचे, अंडी मोजून वाढायची, हा नियम केला. पहिल्या आठवड्यात पत्नी आपले अंडे मुलाच्या ताटात सरकवत होत्या. आम्ही ते परत ठेवत होतो. सहा महिन्यांत त्यांचे वजन पाच किलोने उतरले, घेर 90 वर आला. अजून वाट बाकी आहे, पण जिना चढताना आता त्या थांबत नाहीत.

काही सूचना कराव्याशा वाटतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-भाकरी तोडू नये, साखर एकदम उतरते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. गरोदर भगिनींनी वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये. हमाली, बांधकामाचे कष्ट करणाऱ्यांना भाकरी हवीच. आणि जिममध्ये जाणाऱ्या आपल्या मुलांनी पावडरच्या डब्यांवर पगार घालवू नये. पोषण संस्थेनेही अशी पावडर टाळण्याचाच सल्ला दिला आहे.

बाबासाहेबांनाही मधुमेहाने अखेरच्या वर्षांत फार छळले. आपल्या घरात तो येण्याआधीच सावध झालेले बरे. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा आधी घरातल्या बाईच्या ताटात पाहा. तिथे नुसता भात आणि रस्सा असेल, तर सुरुवात तिथूनच करा.