वार, विषाणू आणि एक अफवा

मे २०२१ मधली गोष्ट. अठरा वर्षांपुढील सर्वांना लसीकरण नुकतेच खुले झाले होते. भाचीचा फोन आला. लग्नाला जेमतेम वर्ष झालेले. "मामा, लस घेतली तर पुढे मूल होत नाही म्हणतात. खरं आहे का हो?" म्हणणारे कोण, तर सासरच्या आत्याबाईंपासून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत सगळेच. तिने आधी एका दवाखान्यात विचारून पाहिले होते. "असल्या अफवांवर विश्वास ठेवू नका," एवढे ऐकवून तिथे पुढचा नंबर पुकारला गेला.

माझी तक्रार आहे ती या उत्तराबद्दल. अफवा खोटी होती, यात शंका नाही. पण ती निव्वळ हवेतून आलेली नव्हती. तिच्या बुडाशी एक खरेखुरे प्रथिन होते आणि त्याची हकिगत लोकांना सांगायला हवी होती.

त्याचे नाव सिन्सिटिन. गर्भाला आईच्या रक्तातून अन्न आणि प्राणवायू मिळतो तो वारेतून. वारेच्या ज्या अंगाला आईचे रक्त खेळते, तिथल्या पेशी आपापल्या भिंती मोडून एकमेकींत मिसळतात आणि एकच अखंड पडदा तयार होतो. दिवस भरेपर्यंत तो १० चौरस मीटरच्या पुढे जातो. आपल्याकडची दहा बाय दहाची एक खोलीच म्हणा ना! पेशींना असे एकजीव करणारे प्रथिन म्हणजे सिन्सिटिन. २००० साली त्याची ओळख पटली, तेव्हा उघड झाले की त्याचे जनुक मुळात आपले नव्हेच. ते एका विषाणूचे.

एचआयव्हीच्या जातकुळीतले रेट्रोव्हायरस पेशीत शिरले की आपली संहिता तिच्या डीएनएत लिहून ठेवतात. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी असा एक विषाणू आपल्या वानरवंशीय पूर्वजांच्या बीजपेशीत शिरला आणि मग वारसाहक्काने पुढे येत राहिला. पेशीत घुसताना तिच्या आवरणाशी स्वतःचे आवरण जोडायला तो जे प्रथिन वापरी, तेच वारेने कामाला लावले. आपल्या जनुकसंचाचा जवळजवळ ८ टक्के भाग अशा पाहुण्यांचा आहे. ज्या भागात आपल्या प्रथिनांची कृती लिहिलेली असते, तो जेमतेम दीड टक्का! हे अवशेष बहुतेक मोडकेतोडके. माझ्या बँकेच्या भाषेत निष्क्रिय खाती. या खात्यावर मात्र प्रत्येक गरोदरपणात व्यवहार होतो. उंदरांनी असेच प्रथिन दुसऱ्याच एका विषाणूकडून घेतले. त्याचे जनुक काढून टाकले तेव्हा त्यांचे गर्भ पोटातच दगावले, हे २००९ मध्ये दिसून आले.

आता अफवा. डिसेंबर २०२० मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेकडे दोघांनी अर्ज केला. लसीमुळे करोनाच्या काटेरी प्रथिनाविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडे सिन्सिटिनवरही उलटतील, ही त्यातली शंका. प्रत्यक्षात दोन्ही प्रथिनांतले साम्य अगदी किरकोळ. शिवाय तीच प्रतिपिंडे आजारानेही तयार होतात. शंका खरी असती तर करोना होऊन गेलेल्या बायकांची कूसही धोक्यात आली असती. तसे काही झाले नाही. पुढच्या पाहण्यांतही लसीने वंध्यत्व येत नाही, हेच दिसले.

एवढे सांगायला मला फोनवर अर्धा तास लागला. "मग हे त्यांनी का नाही सांगितलं?" एवढेच भाचीने विचारले आणि जूनमध्ये लस घेतली. "बायकांना काय कळणार यातलं" हा जो एक भाव आपल्या टेबलाआडच्या मंडळींत असतो, तो मी नोकरीत जवळून पाहिला आहे, क्वचित माझ्यातही. पण कुशीबद्दलची भीती दटावून जात नाही. आणि वार म्हणजे काय हे आपल्या आज्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल?

२०२३ मध्ये भाचीला मुलगी झाली. बारशाला त्याच आत्याबाई आल्या होत्या. पेढा हातात घेत त्यांनी पहिला प्रश्न केला, "वार कुठे पुरलीत गं?" इस्पितळाच्या पिवळ्या पिशवीतून ती कधीच गेली होती. भाचीने माझ्याकडे पाहिले. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटले, "आत्याबाई, बसा जरा. अर्धा तास लागेल."