चार मिनिटे, चार वर्षे आणि तोरणमाळ

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो : मुलांना चित्रपट कोणता दाखवायचा? नंदुरबार जिल्ह्यातले शिक्षक, विशेषतः अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या आश्रमशाळांवरचे, जी नावे सुचवतात त्यांत पिक्सारचा ‘लाइटइयर’ अलीकडे वारंवार दिसतो. कारण उघड आहे. ॲनिमेशन आहे, अंतराळ आहे, मारामारी बेताची आहे आणि ‘यात आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद आहे’ अशी त्याची ख्याती आहे. ही ख्याती कितपत खरी, ते प्रोजेक्टर लावण्याआधी तपासून घेतलेले बरे.

चित्रपट म्हणून त्याचे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. ‘टॉय स्टोरी’ (१९९५) मधला बझ लाइटइयर हे मुळात एक खेळणे. आपण खेळणे आहोत हे त्याला ठाऊक नसते आणि गंमत सगळी तिथेच असते. १७ जून २०२२ रोजी आलेल्या ‘लाइटइयर’च्या सुरुवातीलाच पाटी येते की अँडी नावाच्या मुलाने १९९५ साली जो चित्रपट पाहिला आणि ज्याच्यामुळे त्याला ते खेळणे हवेसे वाटले, तो हाच. कल्पना झकास आहे, पण त्यातला बझ गंभीर, अपराधी भावनेने वाकलेला, स्वतःवर खूश नसलेला. हा चित्रपट पाहून बाहेर पडलेला आठ वर्षांचा पोरगा बझच्या बाहुलीसाठी हट्ट धरेल, हे काही पटत नाही. यांत्रिक मांजर ‘सॉक्स’ मात्र नक्की मागेल. सुमारे २० कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभर मिळून सुमारे २२.६ कोटींचा गल्ला केला. त्यातला मोठा वाटा चित्रपटगृहांचा, म्हणजे हिशेब तोट्याचाच. २००० साली याच बझवर दूरचित्रवाणीची एक साधी कार्टून मालिका निघाली होती. तिला मोठेपणाचा सोस नव्हता, म्हणून ती जास्त सुखाची वाटते.

आपला विषय तिकीटबारी नाही. आपल्याला बघायचा आहे तो पहिला अर्धा तास.

बझच्या चुकीमुळे यानातली सगळी माणसे एका परग्रहावर अडकतात. सुटकेसाठी ‘हायपरस्पीड’ देणारे इंधन हवे, म्हणून बझ चाचणी-उड्डाणे करतो. त्याच्या घड्याळात एक उड्डाण चार मिनिटांचे, पण परत येतो तेव्हा ग्रहावर चार वर्षे उलटलेली असतात. तो पुन्हा जातो, पुन्हा चार वर्षे. त्याची सहकारी अलीशा हॉथॉर्न दर वेळी थोडी मोठी झालेली दिसते : आधी लग्न ठरलेले, मग मूल, मग ते मूल मोठे झालेले, मग पांढरे केस. एकदा तो परततो तेव्हा ती नसते. मागे राहिलेला असतो तिचा ध्वनिचित्रित निरोप. हा सगळा भाग जवळजवळ शब्दांविना सांगितला आहे. घरी पावरी, भिलोरी किंवा मावची बोलणाऱ्या आपल्या मुलांना इथे संवाद कळण्याची अडचण येत नाही. काळ सगळ्यांसाठी एकाच वेगाने जात नाही, ही गोष्ट सातवीच्या मुलालाही कळते. इतक्या स्वच्छपणे ती मांडलेली मी पडद्यावर फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

आता फळ्यावर या. चार मिनिटांची चार वर्षे, म्हणजे काळ सुमारे सव्वापाच लाख पटींनी ताणला गेला. त्यासाठी यानाचा वेग किती हवा? प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. बझचा वेग त्याहून कमी हवा, पण कमी म्हणजे सेकंदाला फक्त अर्ध्या मिलिमीटरने. शाळेच्या भिंतीवरून जाणारी मुंगी त्या फरकापेक्षा कितीतरी जोरात चालते. प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने गेला असता, तर त्याच्या चार मिनिटांत ग्रहावर सहा मिनिटे चाळीस सेकंद झाली असती, बस्स! मुलांना हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा. काळाचे ताणले जाणे शेवटच्या टोकाला जाईपर्यंत दिसतच नाही आणि मग एकदम उसळते, हे या दोन आकड्यांतून जेवढे कळते तेवढे आलेखातूनही कळत नाही.

नववीच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. त्यातले v = u + at घ्या आणि विचारा : एका मिनिटात प्रकाशाच्या निम्म्या वेगापर्यंत जायचे तर त्वरण किती? उत्तर येते सेकंदवर्गाला सुमारे २५ लाख मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या अडीच लाख पट. बझ खुर्चीत शिल्लक राहणार नाही. हा दोष चित्रपटाचा म्हणून सांगू नका, गोष्टीला एवढी सूट द्यावी लागते. पण सूट कुठे घेतली हे मुलांनी स्वतः शोधून काढावे, यातच तासाची मजा आहे.

माझी खरी तक्रार पुढची आहे. अर्ध्या तासानंतर चित्रपट ही कल्पना वाऱ्यावर सोडतो. यंत्रमानव येतात, पाठलाग येतात आणि खलनायक झर्ग मुखवटा काढतो तेव्हा तो निघतो म्हातारा बझच, भविष्यातून मागे आलेला. इथे विज्ञानही घसरते आणि कथाही. वेगाने जाऊन भविष्यात पोचणे सापेक्षतावादात बसते, ते प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. यंत्राची कळ फिरवून भूतकाळात येण्याला तसा कोणताही आधार नाही. शिवाय काळ मागे फिरवता येत असेल, तर अलीशाच्या मरणाचे दुःख कशाला करायचे? पहिल्या अर्ध्या तासात जे गमावले त्याची किंमत चित्रपट स्वतःच पुसून टाकतो. समीक्षकांनी बझच्या बदललेल्या आवाजाची, त्याच्या विनोदाच्या दुष्काळाची चर्चा भरपूर केली. मला विचाराल तर चित्रपट पडला तो इथे.

म्हणून सांगणे असे की पहिला अर्धा तास दाखवा, दिवे लावा आणि पुढचा तास खऱ्या पुराव्यांना द्या. पुरावे भरपूर आहेत. विश्वकिरणांमुळे दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साडेसहाशे मीटरच्या आसपास जातो. तरी ते जमिनीपर्यंत पोचतात, कारण आपल्या दृष्टीने त्यांचे घड्याळ हळू चालते. अशा कणांच्या ऱ्हासातून सापेक्षतावादाची परीक्षा घेता येईल, हे १९३८ साली ‘नेचर’मध्ये लिहिणारा तरुण होता होमी भाभा. मुलांना भाभा अणुशक्तीमुळे ठाऊक असतात, यासाठी नाही. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी सीझियमची घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्व दिशेने फिरलेली ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिम दिशेने फिरलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. आणि जिओ-टॅग केलेला फोटो अपलोड करताना आपण ज्या जीपीएसला शिव्या घालतो, त्याच्या उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो. ही दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते, म्हणून फोटोवर आपली शाळा आपल्याच गावात उमटते.

घड्याळांतला असा फरक केवळ वेगामुळे नाही, गुरुत्वाकर्षणामुळेही पडतो. यातला गुरुत्वाकर्षणाचा भाग तर आपल्या दाराशी आहे. जमिनीपासून जितके उंच जावे तितके घड्याळ किंचित जलद चालते. तोरणमाळ शहाद्यापेक्षा साधारण हजार मीटर उंच. गणित केले तर तोरणमाळचे घड्याळ शहाद्याच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ९ नॅनोसेकंद पुढे जाते. यशवंत तलावाकाठच्या मुलाचे वय शहाद्याच्या मुलापेक्षा वर्षाला तीन मायक्रोसेकंदांहून थोडे जास्त वाढते. वेगाचा भाग पाहायचा तर धडगावहून नंदुरबारला येणारी एसटी घ्या. ताशी ४० किलोमीटर धरा, तीन तास धरा. निव्वळ वेगामुळे कंडक्टरचे घड्याळ मागे पडते ते सेकंदाच्या एक लाख कोटी भागांपैकी सात. हे गणित दहावीच्या मुलाला कॅल्क्युलेटरवर जमते. मात्र साध्या कॅल्क्युलेटरवर शून्ये मावणार नाहीत, घातांक वापरावे लागतील, आणि तेही बरेच.

मराठीला हा विषय नवा नाही, हेही मुलांच्या कानावर घाला. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि लेखक जयंत नारळीकर आहेत हे नंतर कळले. आद्याक्षरे उलटी केली की कोडे सुटते. ‘टॉय स्टोरी’ तेव्हा एकवीस वर्षे दूर होता.

पहिल्या अर्ध्या तासानंतर पडदा गुंडाळलात तर मुले कुरकुर करतील, हे गृहीत धरा. उरलेला चित्रपट हवा असेल तर शनिवारी दुपारी करमणूक म्हणून दाखवा, विज्ञान दिनाच्या कार्यक्रमपत्रिकेत नको. आणि आपल्या शाळेची समुद्रसपाटीपासूनची उंची घेऊन, तालुक्याच्या ठिकाणच्या तुलनेत आपले घड्याळ किती पुढे किंवा मागे आहे, ते मुलांकडून काढून घ्या. मोलगी, काठी, धडगाव, नवापूर, तळोदा, जिथून येतील तिथून ते आकडे, मुलांच्या हस्ताक्षरातल्या आकडेमोडीसह, आमच्याकडे पाठवा. चुकलेली उत्तरेही चालतील, आम्ही पुढच्या अंकात दोन्ही छापू.