नाव बाबासाहेबांचे, शब्द कोणाचे?



जयंती आणि महापरिनिर्वाण दिनाच्या तोंडावर सध्या एक उद्योग जोरात चालतो. कुणाचा तरी जुना लेख घ्यायचा, मोबाईलमधल्या अ‍ॅपला सांगायचे, "शब्द बदलून दे, नावे तशीच ठेव," आणि जे बाहेर येईल ते स्टेजवर वाचायचे. चोरी पकडली जात नाही, म्हणून पोरे खूश. चोरीचे आम्हाला फारसे दुःख नाही. बाबासाहेबांचा विचार कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. आमचे भांडण त्या बदललेल्या शब्दांशी आहे.

एक साधे वाक्य घ्या. "बाबासाहेबांनी जातिव्यवस्था मोडण्यासाठी अस्पृश्यांना लढ्यात उतरवले आणि नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला." आता त्याचा अवतार बघा. "बाबासाहेबांनी सामाजिक भेदभाव दूर करण्यासाठी उपेक्षितांना जागृत केले आणि नागपूरला बौद्ध धर्म पत्करला."

बाबासाहेब जागेवर आहेत, नागपूरही आहे. मग गेले काय? व्यवस्था मोडावी लागते, भेदभाव मात्र गोड बोलूनही 'दूर' करता येतो. 'अस्पृश्य' म्हटले की शिवायला नकार देणारा कुणीतरी समोर उभा राहतो. 'उपेक्षित' म्हटले की नुसते दुर्लक्ष झाले, दोषी कुणीच नाही! लढ्याची जागृती झाली. आणि धम्माचा धर्म झाला, ज्या दोहोंतला फरक सांगायला बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात वेगळी पाने खर्च केली.

अस्पृश्य, हरिजन, दलित, मागासवर्गीय. समानार्थी म्हणून हे शब्द खुशाल एका ओळीत बसवले जातात. पण जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालायचा घाट घातला गेला, तेव्हा भाऊराव गायकवाडांनी विरोध केला आणि बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहातून बाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग! आणि आम्ही तोच शब्द अ‍ॅपने दिला म्हणून माईकवर वाचायचा?

अ‍ॅपला तरी किती दोष द्यायचा? हे काम माणसे कधीपासून करत आली आहेत. १९८३ साली समरसता मंच निघाला. बाबासाहेबांचा फोटो तोच, हार तोच, फक्त समतेच्या जागी समरसता. समतेत हक्क मागता येतो, समरसतेत नुसते विरघळायचे असते. आदिवासींचे वनवासी झाले तेही याच हातचलाखीने, कारण आदिवासी म्हटले की इथला मूळचा कोण हा प्रश्न येतो, वनवासी म्हटले की फक्त पत्ता उरतो. नाव कायम ठेवणे हीच यातली खरी युक्ती आहे. नाव ऐकले की आपली माणसे टाळ्या वाजवतात आणि पुढचे शब्द कुणी तपासत नाही.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळालाही १९३६ मध्ये बाबासाहेब अध्यक्ष म्हणून हवेच होते. नको होता तो भाषणातला काही मजकूर. वेदांचा उल्लेखही त्यांना खटकला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली, तर त्यांनी पदरच्या पैशाने १५०० प्रती छापल्या. न झालेले ते भाषण म्हणजेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. नावात 'सुधारणा' नाही, समूळ नाश आहे.

कुणी म्हणेल, मग सोप्या भाषेत सांगायचेच नाही का? जरूर सांगा! भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी चळवळीचा विचार वस्तीवस्तीत लोकांच्या बोलीत नेला. पण त्यांनी आधी तो पचवला होता. समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत बोलणे वेगळे आणि न वाचताच शब्दाला शब्द चिकटवणे वेगळे. जातिव्यवस्था, समता, धम्म, सत्याग्रह हे शब्दही महाड आणि नागपूर या नावांइतकेच जपा, त्यांना हात लावू नका.

वक्तृत्व स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आमची एक सूचना आहे. यंदा भाषण संपले की वक्त्याला एकच प्रश्न विचारा: समता आणि समरसता यांत फरक काय? ज्याला तो अडखळत का होईना सांगता येईल, त्याचे भाषण पाचच ओळींचे असले तरी पहिले बक्षीस त्याला द्या.